खेकडेखाऊची नोंद

दिघीच्या धक्क्यावरून फेरीबोटीत कॅराव्हॅन चढवताना माझा घाम निघाला आणि बोटीवरच्या लोकांची फुकट करमणूक झाली. कॅराव्हॅन हे नुसतं म्हणायला. भाऊंच्या पुतण्यानं जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या सीट उपटून दोन बर्थ, एक शेगडी आणि एक बेसिन बसवलं होतं. बेसिनला पाणी येत नव्हतं आणि पडदे गुलाबी होते. ‘वरात कुणाची?’ असं एकानं विचारलंच. भाऊ मात्र पुढच्या सीटवर ऐटीत बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, मांडीवर नोंदवही, गळ्यात दुर्बीण आणि मान जराशी डावीकडे वळलेली, कारण समोरचं त्यांना आता दिसत नव्हतं.

डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, पण तेही पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणत नव्हते. तुमच्याकडे बघायचं असलं की भाऊ तुमच्या खांद्यापलीकडे बघायचे. सरळ तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही त्यांच्यापुरते पुसले जायचात.

हा शेवटचा हिवाळा त्यांना एका पक्ष्यासाठी द्यायचा होता. खेकडेखाऊ. पांढराशुभ्र, पाठ काळी, लांब निळसर पाय आणि खेकड्याचं कवच फोडणारी जाडजूड काळी चोच. मुलगा त्यांना जामनगरला न्यायला तयार होता, तिकडे हे थव्यांनी दिसतात. भाऊ म्हणाले, दुसऱ्याच्या अंगणातला नको, मला आपल्या किनाऱ्यावरचाच बघायचाय, आमच्या अजेयनं पाहिला तो. अजेय म्हणजे मी. आणि मी तो पाहिलाच नव्हता.

झालं होतं ते असं. नऊ वर्षांपूर्वी भाऊ आणि मी आगरदांड्याकडच्या खाडीवर आलो होतो. भाऊंना ताप भरला म्हणून ते लॉजवर झोपून राहिले आणि मी एकटाच खाजणाच्या बांधावर गेलो. उन्हं चढली, चार शेकाटे आणि बगळे सोडले तर काही दिसेना, तेव्हा मी एका उंडीच्या झाडाखाली चक्क ताणून दिली. परत आल्यावर भाऊंनी नेहमीसारखं विचारलं, काय काय दिसलं? आता खरं सांगतो, मला त्या प्रश्नाचाच राग आला. अठरा वर्षं आम्ही बरोबर हिंडत होतो आणि अठरा वर्षं प्रत्येक पक्षी आधी भाऊंनाच दिसत होता. मी आपला ‘कुठे, कुठे’ करत मागे. तोंडातून निघून गेलं, ‘खेकडेखाऊ. एक.’

त्यांनी एक शब्द उलटा विचारला असता तर मी हसून मोकळा झालो असतो. पण आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळात भाऊंनी घातलेला दंडकच होता की एकट्यानं पाहिलेल्या पक्ष्याला फोटो मागायचा नाही, साक्षीदार मागायचा नाही. माणसाचा शब्द पुरे. ते तापातच उठून बसले, घरी कुमुदवहिनींना फोन करून बातमी दिली आणि वहीत माझं नाव लिहिलं. पुढे मंडळानं मला शाल घातली, नारळ दिला. मी तो घेतला. लाज कशी ती वाटली नाही, उलट दोन महिने छाती फुगवून फिरलो.

लाज नंतर आली, आणि मग मुक्कामालाच राहिली. कारण त्यानंतर भाऊ दर हिवाळ्यात त्या उंडीच्या झाडाखाली येऊन बसायला लागले. आठ हिवाळे. शेवटच्या दोन खेपांना त्यांना नीट दिसेनासं झालं होतं, तर म्हणायचे, ‘येत असेल रे, माझेच डोळे कामातून गेलेत.’ मी शेजारी बसून चहा ओतायचो.

या खेपेलाही मी गाडी त्याच बांधाशी उभी केली. पहिला दिवस कोरडा गेला. संध्याकाळी ओहोटीच्या चिखलातून शिंपल्या गोळा करून काही बाया टोपल्या घेऊन परतत होत्या. भाऊ म्हणाले, यांना विचारू या का? मी नेहमीचं उत्तर दिलं, की उगाच बोभाटा होईल, कुणी फासे घेऊन येईल. हे उत्तर मी आठ वर्षं देत आलो होतो. खरं म्हणजे मला धास्ती होती की एखादी बाई म्हणायची, असा पक्षी हितं न्हाय बघितला कधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी बांधून दिलेले लाडू खाताना भाऊ सहज बोलले. म्हणाले, तू मला ती जागा दाखवलीस म्हणून आठ वर्षं मला यायला एक निमित्त मिळालं, नाहीतर नोकरी संपल्यावर मी बागेतल्या सुपाऱ्या मोजत बसलो असतो. आज नाही दिसला तरी तुझा राग नाही.

माझा राग नाही!

‘भाऊ, मी तो पाहिला नव्हता,’ मी म्हणालो. ‘त्या दिवशी मी इथे झोपलो होतो. मी खोटं बोललो.’

त्यांनी लाडवाचा उरलेला तुकडा पुन्हा डब्यात ठेवला. मग मान फिरवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. तुम्हाला कळलं ना? सरळ. म्हणजे मी त्यांना दिसू नये, म्हणून.

‘आठ वर्षं,’ ते म्हणाले. ‘त्यातली सहा धड दिसत होतं तेव्हाची, अजेय.’

मग चाचपडत पायरी शोधून ते गाडीत चढले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. गुलाबी पडदाही सरकवला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, म्हणून तर त्यांनी घातल्या नाहीत.

मी बांधावरून चालत सुटलो. कुठे जायचं ते माहीत नव्हतं, फक्त त्या गाडीपासून लांब. बांध जिथे वळतो तिथून पलीकडे आम्ही कधी गेलोच नव्हतो, कारण माझी थाप अलीकडच्या उंडीखालची होती. पलीकडे तिवरांच्या मागे खाडी एकदम उघडी होते आणि चिखलाचं मोठं मैदान लागतं. पाणी चढायला लागलं होतं. आणि त्या पाण्याच्या कडेला तो उभा होता.

माझी दुर्बीण गळ्यात होती म्हणून डोळ्याला लागली. पांढरा, काळी पाठ, जाड चोच. तो चार पावलं धावला, थबकला, चिखलातून एक चिंबोरी उचलली आणि आपटून आपटून तिचे पाय मोडायला लागला. मला आनंद होईना. एखाद्यानं सगळ्या गावासमोर कानफटात मारावी तसं झालं.

मागून एक बाई टोपली घेऊन आली. नंतर कळलं, नीराबाई तिचं नाव, पन्नाशीची, खाडीपलीकडे चार घरं आहेत तिथली. आदल्या संध्याकाळी परतणाऱ्या बायांत तीही होती. मी काय बघतोय ते तिनं बघितलं आणि तिला काही विशेष वाटलं नाही. मी विचारलं, हा इथे नेहमी असतो का?

‘व्हय. दर थंडीला येतो. एक येतो, कधी दोन,’ ती म्हणाली. ‘आमच्या आधी तोच चिंबोऱ्या पळवतो. तुम्ही ती माणसं ना, त्या उंडीखाली बसता? आम्ही म्हनतो, ही माणसं हितं कशाला बसतात, तिकडं तर काहीच न्हाय.’

म्हणजे पक्षी होता. आठही वर्षं होता. मी खोटं बोललो नसतो तर भाऊ त्यांच्या सवयीप्रमाणे सगळा बांध पालथा घालून, डोळे शाबूत असतानाच त्याच्यासमोर उभे राहिले असते. मी त्यांना रिकाम्या जागी नेऊन बसवलं आणि ज्यांना माहीत होतं त्यांना विचारूही दिलं नाही. मी त्यांच्याकडून नुसता पक्षी नाही, बघणंच काढून घेतलं होतं.

धावत परत आलो. दारावर थाप मारली. म्हणालो, भाऊ, आहे तो, खरंच आहे, वळणापलीकडे, पाणी चढतंय, आत्ताच्या आत्ता चला.

आतून जरा वेळानं आवाज आला. ‘पुरे आता, अजेय. मला बरं वाटावं म्हणून आता आणखी एक नको.’

मी शपथ घेतली. माझ्याच कानांना ती पोकळ वाटली. पाणी वर आलं की तो उडणार, हे मला कळत होतं, आणि ते दार माझ्या शब्दानं उघडणार नव्हतं, हेही. म्हणून मी पुन्हा वळणापर्यंत पळालो, साठीच्या माणसाला जेवढं पळता येतं तेवढं, आणि नीराबाईंसमोर हात जोडले. ती टोपली तिथेच ठेवून आली. माझी अवस्था बघून आली असावी.

गाडीशी येऊन तिनं दार वाजवलं. ‘काका, तो काळा-पांढरा पक्षी बघायचाय ना तुम्हाला? हाय तो. चला, हात धरा माझा.’

दार उघडलं. भाऊंनी तिचा हात धरला, माझ्याकडे मान वळवलीही नाही आणि बांधावरून निघाले. मी टेलिस्कोप आणि त्याचं तिकाटणं खांद्यावर घेऊन मागून गेलो. सत्तावीस वर्षं मी मागेच होतो, आज पहिल्यांदा ती जागा माझी वाटली.

चिखल आता पट्ट्याएवढाच उरला होता. मी टेलिस्कोप लावून दिला आणि बाजूला झालो. भाऊंनी डोळा लावला, जुन्या सवयीनं थेट बघायला गेले आणि काहीच दिसेना. नीराबाईंनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना हळूच वळवलं. ‘असं बघा, कडेनं. चिखलात रोवलेल्या त्या काठीच्या उजवीकडं.’ हे तिला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. तिच्या घरात कुणाला तसंच दिसत असेल.

भाऊ एकदम स्थिर झाले. तीनेक मिनिटं तो पक्षी त्यांच्यासाठी उभा राहिला. मग पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं आणि तो पंख उघडून पलीकडच्या तीराला निघून गेला.

‘उडाला,’ भाऊ म्हणाले. ‘पंखांची कड काळी आहे.’ कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्यांनी ते पाहिलं होतं.

बांधावर बसून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. दोन वर्षांपासून ती मीच लिहीत होतो. त्यांनी तारीख सांगितली, वेळ सांगितली, भरती किती चढली होती ते सांगितलं. मग म्हणाले, ‘खेकडेखाऊ, एक. पहिली नोंद.’ पहिली हा शब्द त्यांनी जोर न देता म्हटला. मी लिहिला. ‘पाहणारे, नीराबाई. खाली माझं नाव.’

मी लिहून थांबलो.

‘तू पाहिलास?’ भाऊंनी विचारलं. नऊ वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते.

‘हो,’ मी म्हणालो. खरं होतं. आणि माझा आवाज अगदी त्या दिवशीसारखाच निघाला, काडीचाही फरक नाही. तो मलाही ऐकू आला आणि भाऊंनाही.

त्यांनी मान नीराबाईंकडे वळवली. ‘बाई, यानं पाहिला का हो?’

नीराबाईंना प्रश्नाचं नवल वाटलं. ‘पाहिला की. मी आले तवा हेच उभे व्हते बघत.’

‘मग लिही,’ भाऊ म्हणाले. ‘अजेय. आणि पुढे लिही, नीराबाईंच्या सांगण्यावरून.’

मी लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, म्हणून तिच्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचूनही दाखवलं.