बाळंतिणीचा दम

रुचिका काही केल्या आडवी होईना, तेव्हा अंजनीला तिचा रागच आला.

"बाळ झोपलंय तोवर पाठ टेक ना जरा. मग दिवसभर थकले, थकले करत बसतेस."

"बसूनच बरं वाटतंय, आई." पाठीशी उशा लावून, डोळे मिटून रुचिका म्हणाली.

लेक पहिल्या बाळंतपणाला हेंद्रेपाड्यात माहेरी आली होती. नातू झाला, सगळं सुखरूप पार पडलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, धुरी, कशातच अंजनीने कसर ठेवली नाही. तरी पोरीच्या अंगात जीव येईना. न्हाणीघरापर्यंत गेली की दाराला धरून उभी राहायची. बाळाला उचललं की धाप लागायची. पावलं तर अशी सुजली होती, की बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. अंघोळ घालायला येणाऱ्या कौसाबाई म्हणाल्या, "बाळंतिणीचे पाय सुजायचेच. वारं लागलं आसंल." गल्लीतल्या डॉक्टरने रक्त कमी असेल म्हणून टॉनिक लिहून दिलं. जावई विनीत फोनवर हसून म्हणाला, "तुमचा नातू झोपू देत नसेल तिला."

अंजनीला सगळ्यांचंच पटत होतं. वारं लागू नये म्हणून ती खिडक्या लावून घ्यायची. ती स्वयंपाकघरात वळली की रुचिका उठून उघडायची. त्यावरूनही दोघींचं वाजलं होतं.

त्या दुपारी बाळ रडत उठलं. अंजनी ओट्यापाशी होती. आतून रुचिकाचा आवाज आला, "काय झालं... माझ्या... सोन्याला..."

अंजनीचा हात थांबला. थकलेलं माणूस हळू बोलतं, चिडून बोलतं. शब्दाशब्दाला श्वास घ्यायला थांबत नाही. गॅस बंद करून ती आत गेली. रुचिका पुढे वाकून बसली होती. कपाळावर घाम, ओठ काळेनिळे. प्रत्येक श्वासाला गळ्याशी खड्डा पडत होता.

"छातीत दुखतंय?"

"नाही. बुडल्यासारखं... वाटतं. आडवी झाले की... पाण्यात..."

"कधीपासून?"

"चार-पाच दिवस... तू म्हणाली असतीस... नाटकं करते."

अंजनीने विनीतला फोन लावला. तो कॅम्प चार भागातल्या आपल्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात होता.

"आई, संध्याकाळी येतो ना, मग नेऊ या तिला."

"संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. तुम्ही सरळ हॉस्पिटलातच या."

बिल्डिंगला लिफ्ट नव्हती आणि रुचिकाला एक पायरी उतरवणं शक्य नव्हतं. शेजारचा शंकर आणि वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला खाली घेऊन आले. बाळाला शंकरच्या बायकोने घेतलं. रिक्षा निघाली, पण पुलावर ट्रॅफिक तुंबलं होतं. अंजनीने लेकीचं डोकं मांडीवर घ्यायला ओढलं, तशी रुचिका घाबरून तिचा हात झटकू लागली.

"आडवं नको... आई, नको."

"बरं, बरं. बस. मी धरते." अंजनीने तिला मागून दोन्ही हातांनी सावरलं. पोरीची पाठ तिच्या छातीशी धडधडत होती. "भाऊ, काहीपण करा, पण काढा इथून!" ती ओरडली. रिक्षावाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर चैत्राली यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून विचारलं, "झोपताना उशा किती लागतात?"

"झोपतच नाही ती. बसून असते," अंजनी म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं आणि नर्सला हाक मारली. ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं गेली, हृदयाची सोनोग्राफी झाली. तोवर विनीतही धावत पोचला होता.

"हृदयाचा स्नायू कमजोर झालाय," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या. "बाळंतपणाच्या सुमाराला क्वचित कुणाला असं होतं. हृदय जोर लावून रक्त ढकलत नाही, म्हणून थकवा. पाणी फुप्फुसात साचतं, म्हणून दम."

"रक्त कमी असेल म्हणाले होते हो," अंजनी पुटपुटली.

"त्यानेही थकवा येतो, दमही लागतो. नुसतं बघून कळत नाही, तपासावं लागतं. पण आडवं झोपवत नसेल तर घरी थांबायचंच नसतं."

"वाचेल ना?"

"आजची रात्र जाऊ द्या. आत्ता काही बोलत नाही मी."

विनीत भिंतीला टेकून खाली बसला. "संध्याकाळी येतो म्हणालो मी," तो म्हणत राहिला. अंजनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला स्वतःलाही आधार हवा होता.

सकाळपर्यंत बरंच पाणी लघवीवाटे उतरलं. अंजनीला आत सोडलं तेव्हा रुचिका उंच केलेल्या पलंगावर गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं टाकून. अंजनी तिचे श्वास मोजत तिथेच उभी राहिली.

आठवड्याने घरी सोडलं. गोळ्या पुष्कळ महिने चालणार होत्या. हृदय पूर्ण सावरेल की नाही हे पुढच्या तपासण्यांत कळणार होतं, आणि दुसऱ्या मुलाचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नव्हता. मीठही तोलूनमापूनच खायचं होतं.

पहिल्याच घासाला रुचिकाने तोंड वाकडं केलं. "आई, ही आमटी आहे की गरम पाणी? याच्यापेक्षा हॉस्पिटलातलं बरं होतं! आणि लोणचं कुठे लपवलंयस, तेही मला माहीत आहे."

अंजनी पदराने तोंड पुसत समोर बसली आणि तिने लेकीला पोटभर भांडू दिलं.