फळ्यासाठी गाऱ्हाणं

विनीताला शिकवायची भीती कधीच नव्हती. लग्नानंतर वर्षानुवर्षं तिने घराच्या पडवीत शिकवण्या घेतल्या होत्या आणि वाडीतली अर्धी पोरं तिच्या हाताखालून गेली होती. भीती होती ती नव्या फळ्याची. बोट लावलं की उघडणारा, चित्रं हलवणारा तो डिजिटल फळा डी.एड.च्या कॉलेजात आला आणि वर्गातल्या विशीतल्या पोरी त्यावर सराईतपणे बोटं फिरवू लागल्या. विनीता बिचारी मागे उभी राहून नुसतं कळलं, कळलं म्हणायची. कळलेलं काही नसायचं.

आता सराव पाठांच्या आठवड्यातला पहिला पाठ शाळेतल्या अशाच फळ्यावर घ्यायचा होता. तो जमला नाही तर या वयात शिकायला आले हीच चूक झाली असं समजून कॉलेज सोडायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तन्वी नावाच्या मैत्रिणीने रोज कॉलेज सुटल्यावर थांबून तिच्याकडून सगळं घोकून घेतलं.

कुणकेश्वरजवळच्या शाळेत ती सहावीच्या वर्गासमोर उभी राहिली. मागच्या बाकावर गुण द्यायला परब सर बसले होते. माणूस भारी कडक, प्रमाण मराठीखेरीज त्यांच्या तोंडून अक्षर निघत नसे. फळ्यावर भरती-ओहोटीचा चंद्र छान उगवला, आणि इथेच जुनी सवय आडवी आली. शिकवण्याआधी फळा पुसायचा, हे हाताला इतकं ठाऊक, की पदराचं टोक धरून तिने तो चकचकीत फळा वरपासून खालपर्यंत पुसून काढला. चंद्र गेला, समुद्र गेला, भलतंच काहीतरी उघडलं आणि पाठ दिसेनासा झाला.

पोरं हसली नाहीत, तेच तिला जास्त लागलं. घोकलेलं सगळं डोक्यातून उडालं. डोळे भरून आले आणि कॉलेजातली भाषा सुटून घरातली मालवणी तोंडी आली.

"माका ह्या फळ्याची भीती वाटता," ती म्हणाली. "इतके दिवस शिकलंय, तरी खंय बोट लावूचा ताच समजणा नाय."

पहिल्या बाकावरची गौरजा उठली. हा फळा शाळेत आला तेव्हा गावकऱ्यांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, आणि तेव्हापासून फळा अडला की आम्हीही घालतो, असं तिने अगदी सहज सांगितलं. सगळा वर्ग हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा," गौरजाने सुरुवात केली, "आमच्या नव्या बाईंचो पाठ गेलो आसा, तो परत हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," पोरं म्हणाली.

"बाईंका काय चुकला माकला तर सांभाळून घे. त्येंची भीती काढून टाक, आणि त्येंका आमच्याच शाळेत धाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

या वेळी त्यात एक जाडाभरडा आवाज मिसळला होता. विनीताने मागे पाहिलं. परब सर पेन खिशाला लावून, हात जोडून उभे होते.

तिला हसूही आलं आणि रडूही. आपल्यासाठी असं कुणी कधी मागितलंच नव्हतं. डोळे पुसून तिने विचारलं, "आता सांगा बघू, खंय बोट लावू?" आणि अख्खा वर्ग फळ्यापाशी धावला.

कॉलेज सोडायचं होतं, हे तिला पाठ संपेपर्यंत आठवलं नाही. संपल्यावर आठवलं, पण तेव्हा पोरं तिला घेरून उद्या कधी येणार ते विचारत होती, आणि ती वेळ सांगत होती.