मागे सरायची सवय

व्हिडिओ गेमच्या मारामारीतला परेशचा खेळ वल्लरीला तोंडपाठ होता. पळस्प्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा आता घरच्या गोडाऊनांचा कारभार बघायचा, पण स्क्रीनवर कोपऱ्यात सापडला की हमखास गांगरायचा आणि खालून एक लाथ हाणायचा. वल्लरीने फक्त एक पाऊल मागे सरायचं. लाथ हवेत जायची, परेशचा भालेवाला क्षणभर उघडा पडायचा आणि मग ती त्याला धू धू धुवायची.

नवीन पनवेलच्या त्या गेमिंग कॅफेत रविवारी दुपारी जमणाऱ्या मंडळींत हे दोघंच जुने उरले होते. बाकीचे लग्नं करून, नोकऱ्या बदलून पांगले. नवी पोरं यायची ती बटणं इतकी भराभर दाबायची, की वल्लरीला नुसतं बघूनच दमायला व्हायचं. आठवडाभर बँकेत कर्ज मागायला आलेल्या लोकांचे चेहरे वाचायचे आणि सुट्टीला रोडपालीहून रिक्षाने येऊन इथे पुन्हा तेच. मनगट दुखायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, पट्टा बांधा आणि हे खूळ सोडा. पट्टा तिने बांधला. खूळ मात्र एवढ्या वर्षापुरतं ठेवलं, कारण आज जो जिंकेल तो बंगळुरूच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता आणि तिला तिथे एकदा, एकदाच जायचं होतं. मग कंट्रोलर कपाटात टाकून गप्प बसायची तिची तयारी होती. शेवटच्या सामन्यात समोर परेश आला तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला हायसं वाटलं.

"मनगट कसं हाय?" त्याने विचारलं.

"तुझ्यापुरतं ठीक आहे."

एरवी तो हसला असता. आज टेबलावरचा त्याचा फोन थरथरत होता, त्यावर 'आये' अशी अक्षरं दिसत होती. त्याने तो उलटा ठेवला.

"संध्याकाळी करंजाला जायचंय," तो म्हणाला. "पोरगी बघाय."

"अरे वा!" वल्लरी म्हणाली, आणि तिच्या मनात पहिलं काय आलं, तर आज याचं लक्ष खेळात नाही. या खेळात मुरलेल्या माणसाला असलंच काहीतरी सुचतं.

पहिला राउंड तिने घेतला, दुसरा त्याने. शेवटच्या राउंडमध्ये तिने त्याला कोपऱ्यात दाबलं. दोघांचीही ताकद संपत आली होती, आता ज्याला फटका बसेल तो गेला. आता लाथ येणार, म्हणून ती एक पाऊल मागे सरली.

लाथ आली नाही. भालेवाला नुसता उभा. गांगरल्यावर होतो उशीर, असं तिने मनाशी ठरवलं आणि पुन्हा पुढे जाऊन पुन्हा मागे आली. एखाद्या नवख्या पोराने सरळ घुसून मारलं असतं आणि जिंकलाही असता. पण समोरच्याच्या चुकीची वाट बघायची वल्लरीला इतकी सवय, की चूक होतच नाहीये हे तिला दिसेना. ती आणखी एकदा मागे सरली आणि तिचं पाऊल जिथे पडणार होतं, नेमका तिथेच भाला आला.

पोरांनी आरडाओरडा केला. कॅफेचा मालक विनायक फळ्यावर परेशचं नाव लिहायला धावला. वल्लरीने कंट्रोलर खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने लपवलं नाही, लपवायलाही अंगात जोर लागतो.

"कसं ओळखलंस?"

"मी कोपऱ्यात सापडलो का तू मागं सरतेस. पयल्या वर्षापासून माहीत हाय मला."

"मग ती लाथ? दर वेळची?"

परेश कंट्रोलरची वायर गुंडाळत राहिला. "तू हरलीस का बॅग उचलून सरळ रिक्षा पकडतेस. जिंकलीस का चहाला थांबतेस. मंग मी लाथ मारायचो."

वल्लरीला राग आला. इतक्या वर्षांचं जिंकणं म्हणजे काय मग, चहाची सोय? तिने राग धरून बघितला, पण तो काही टिकेना. लोकांचे चेहरे वाचायचा पगार घेणाऱ्या बाईला समोर बसलेला एक माणूस वाचता आला नव्हता.

"आणि आज?"

"आज कंटाळलो गं. हरून हरून बी माणूस दमतो. तुला कळंल कवातरी म्हणून आमी आपले लाथा मारतोय, तुला काय कळलं नाय. म्हटलं, करंजाला जायच्या आधी एकदा तरी खरं खेळावं." त्याने गुंडाळलेली वायर टेबलावर ठेवली. "बंगळुरूला तू जा पायजे तर."

"गप्प बस. जिंकलायस तू, तूच जायचं."

तिने बॅग खांद्याला लावली. ती जिन्याकडे निघणार हे धरून परेश नेहमीसारखा बाजूला सरला आणि त्याने निरोपाचा हातही वर केला. वल्लरीने बॅग काढून पुन्हा खुर्चीवर ठेवली आणि खाली बसली.

"चहा सांग," ती म्हणाली. "हरलेय, तरी सांग."

परेशचा हात तसाच वर राहिला. फोन पुन्हा थरथरू लागला. त्याने तो उचलून कानाला लावला.

"हां आये," तो म्हणाला, "उशीर व्हईल," आणि खिडकीतून खालच्या चहावाल्याला दोन बोटं दाखवली.