आमच्या घराण्यात साखर नाही

सातव्या महिन्यात उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या दवाखान्यात साखरेचं पाणी पाजून मस्तुराचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की गरोदरपणात तिची साखर वाढलीय. डॉक्टरीणबाईंनी मिठाई आणि खरबूज बंद केलं, नान अर्ध्यावर आणला आणि बोट टोचून साखर बघायचं यंत्र हातात दिलं.

घरी सासूने, होसियतने, नाक मुरडलं. "आमच्या घराण्यात कुणाला साखर नाही. तुझ्या माहेरच्यांनी लपवली असणार!"

"आई, बाळंतपणानंतर बहुतेक जाते ही."

"आली मोठी डॉक्टर! पोटातलं पोर वाळवतेयस तू."

नवरा शुहरत चहात नान बुडवत राहिला. आईपुढे ज्याच्या तोंडून हूं की चूं निघत नाही, त्याची कीव करणंही मस्तुराने आता सोडलं होतं.

सासू तिच्या चहात गुपचूप खडीसाखर टाकायची. एक घोट घेऊन मस्तुरा सासूच्या डोळ्यांदेखत पेला द्राक्षवेलीच्या मुळाशी ओतायची.

एकदा शेजारणी चहाला आल्या होत्या. होसियतला चेव चढला. "हे यंत्र ना, वाट्टेल ते दाखवतं. माझं बोट टोच गं, बघू दे सगळ्यांना!"

मस्तुराने नवी सुई लावली. आकडा आला सतरा. या यंत्राच्या मापात निरोगी माणसाचा आकडा आठाच्या आत असतो.

"आणि तुझा किती येतो गं?" शेजारच्या करोमतने विचारलं.

"जेवल्यावर सहा."

करोमतने स्वतःचं बोट पुढे केलं. साडेपाच. तिने हलव्याची बशी होसियतपासून लांब सरकवली.

"बिघडलंय ते!" म्हणत होसियतने बशी परत ओढली. उन्हाळाभर तहानेने किटल्या रिकाम्या करत होती बाई, आणि दोष देत होती उन्हाला. मस्तुराला हसूही आलं नाही. इतक्या अडाणी ताठ्यावर हसू तरी कशाला खर्च करायचं?

शेवटी पाय बधिर झाले, तेव्हा होसियत दवाखान्यात गेली आणि गोळ्या घेऊन आली.

मस्तुराला सव्वातीन किलोची ठणठणीत मुलगी झाली. मस्तुराची साखरही उतरली. "चिमणीएवढं पोर," होसियत म्हणाली. आणि बारशाला आलेल्या बायकांना डोळ्यांत पाणी आणून सांगत सुटली, "मला कुठे होती साखर? सुनेने सुई टोचली, तिचा रोग मला लागला!"

मस्तुरा आत मुलीला पाजत होती. शुहरत दारात घुटमळला. "तू बोल ना काहीतरी."

"तुझी आई आहे," ती म्हणाली, "तूच बोल."

तो अर्थातच बाहेर जाऊन चहात नान बुडवत बसला.