तानूच्या मापाचा लाल स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना लाल स्वेटर आहे. नीट बघा, माझं अंग विटलेलं आहे, पण बाह्यांची टोकं अजून लालभडक आहेत. कुणी त्यांना ठिगळ म्हणतात. म्हणोत! माझी मिरवायची जागा तीच.

माझा जन्म स्कॉटलंडातला. तिथे अशी थंडी, की दिव्याची ज्योतसुद्धा कानटोपी घालून बसते. खोटं वाटलं तर जाऊन बघा! तिथे एल्सीबाई नावाची एकटी बाई पावाच्या भट्टीत कामाला होती. वऱ्हाडातल्या उंद्री गावच्या तानूने शिकावं, म्हणून ती आपल्या पगारातून तानूच्या शाळेला पैसे धाडी. तानूला तिने कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या पोरीच्या मापावर तिने मला विणलं, आणि तिच्या बोटांचा ताज्या पावाचा वास माझ्या टाक्याटाक्यांत बसला.

मी उंद्रीला पोचलो तो ऐन चैत्रात. तानूचे वडील निवृत्ती, वांगी-मिरची पिकवणारा माणूस, मला उचलून म्हणाले, "मड्डमबाईनं मेंढरू धाडलं का बे?"

तानूने मात्र मला तशा उन्हात अंगात घातलं. दरवर्षी शाळेत फोटोवाला येई. मला घालून ती उभी राही, आणि तो फोटो एल्सीबाईकडे जाई.

पुढे तानू शेवग्यासारखी वाढली. माझ्या बाह्या तिच्या कोपराशी आल्या. तिची माय मंजुळाबाई म्हणाली, "सरली तुही शाळा. बाईनं मापानं बंडी धाडली. जिले बसंल, तिची शाळा. आता शालूचा नंबर."

शालू म्हणजे धाकटी. त्या घरात थोरलीचे कपडे धाकटीकडे जात, मग शाळाही तशीच जाणार!

"मले बसते वं माय! पाह्य, बसते!" तानू खांदे आवळून, श्वास कोंडून उभी राहिली.

"यंदाच्या फोटोत बसली, त जाय," माय म्हणाली.

तेव्हापासून तानू अंगाचं मुटकुळं करून झोपे. दुसरी भाकरी मागेना. तिचा जीव शाळेत अडकलेला, हे मला कळत होतं. मीही एवढा ताणलो, की माझा एक टाका उंद्रीत तर दुसरा चिखलीत!

फोटोच्या दिवशी तिने हात पाठीमागे लपवले. "हात पुढे घे," फोटोवाला ओरडला. तिने घेतले, आणि मी काखेत टर्रकन फाटलो. पोरी हसल्या. तानूला रडू फुटलं, नेमका तेव्हाच फोटो निघाला आणि तोच एल्सीबाईकडे गेला.

मास्तरीण अन्नपूर्णाबाई घरी आल्या. "अहो, मदत पोरीला आहे, स्वेटरला नाही."

मंजुळाबाई म्हणाली, "तिनं पोरगी समोर कुठं पाह्यली बाई? तिनं त फोटोतलं कापड वळखलं. मड्डम काय म्हणते ते पाहू."

तोवर शालू शाळेत, तानू घरी. वांगी निंदताना तिची नजर शाळेच्या वाटेवर असे. मी दोरीवर लोंबत असे. चुलीवर भाकरी भाजली, की मला एल्सीबाईची बोटं आठवत. तानू वाट पाही शेतात, मी दोरीवर.

एकदाचं पुडकं आलं. त्यात नवा स्वेटर नव्हता. माझ्याच रंगाच्या लोकरीचे गुंडे होते आणि विणायच्या सुया. वर तोच पावाचा वास!

मंजुळाबाईने ते गुंडे माझ्या आखूड बाह्यांशी लावून पाहिले. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तिले ठाव होतं वं, हे लेकरू वाढन म्हणून." आणि तिने स्वतःच तानूची पाटी पुसून दिली. शालूही शाळेत अन्नपूर्णाबाईंच्या खुर्चीला चिकटली, ती सुटलीच नाही.

माझ्या बाह्यांची टोकं तानूनेच त्या लोकरीने विणून वाढवली, अन्नपूर्णाबाईंजवळ शिकून. एल्सीबाईची बोटं मला पुन्हा दिसली नाहीत. आता मी एका पेटीत घडी होऊन असतो.

मित्रांनो, कुणा लेकराला हात द्याल, तेव्हा ते वाढणार हे धरून द्या. थोडी लोकर मागे ठेवा. आणि घरात भाकरी भाजत असाल, तर माझ्या पेटीचं झाकण जरा उघडं ठेवा. एवढंच.