रुख्मिणीबाईचं अक्षर

संपदा मॅडमना हळदीकुंकवाचा भारी राग. वसमतच्या त्या कॉलेजात आठ मार्चला दरवर्षी रांगोळी स्पर्धा व्हायची, पाककृती स्पर्धा व्हायची, शेवटी प्राचार्यांच्या पत्नी हळदीकुंकू लावून स्टीलच्या वाट्या वाटायच्या आणि झाला महिला दिन. नव्यानं इतिहास शिकवायला आलेल्या मॅडमनी दोन हजार साली हे सगळं एका फटक्यात बंद पाडलं.

"इतिहास म्हणजे नुसत्या राण्या नव्हेत," त्या वर्गात म्हणाल्या. "आपापल्या आईच्या गावी जा. शाळेतलं जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढायला लावा. तिथं पहिल्यांदा सातवी पास झालेली मुलगी कोण, तिनं शाळा का सोडली, ते उतरवून आणा. ती हयात असेल तर तिलाच स्टेजवर आणा."

प्राचार्यांच्या सहीचं पत्रही त्यांनी प्रत्येकीच्या हातात दिलं. सरिता उठून म्हणाली, "मॅडम, माझी माय अंगठा लावते. तिच्या माहेरी, डोंगरकड्याला काय सापडणार?"

"कोणीतरी सापडेलच की."

झालं. सरिता बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, मॅडमसारखं व्हायचं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि मॅडमनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी तिनं आधी पाणी किती आहे ते विचारलं नसतं.

खरं तर ती शेवटच्या वर्षापर्यंत पोचली हेच नवल. तिचे वडील ग्यानोबा जवळा बाजारच्या एका आडतीत हमाली करायचे. क्विंटलचं पोतं एका दमात पाठीवर घेणारा हा गडी, पण कागदाचा चिटोरा समोर आला की त्याला घाम फुटायचा. थोरल्या दोन्ही पोरी त्यानं सोळाव्या वर्षी उजवल्या. सरिताचंही तसंच व्हायचं. बारावीनंतर तिला बघायला तीन ठिकाणचे लोक येऊन गेले. पोहे खाल्ले, चहा प्यायले, "पत्र टाकून कळवतो" म्हणाले, आणि तिन्ही वेळा पत्र काही आलं नाही.

"नगं असंल तर नगं म्हनून कळवा की! पोरीच्या बापानं दारोदार इचारत हिंडायचं व्हय?" ग्यानोबा चिडायचा. हट्टी माणूस, स्वतःहून विचारायला गेला नाही. गल्लीत कुजबुज सुरू झाली. पोरगी मूळ नक्षत्रावरची आहे म्हणे. ग्यानोबा चारचौघांत मान खाली घालून बसू लागला. सरिता मात्र खूश होती. तीन वर्षं पदरात पडली होती, दहा एप्रिलला शेवटची परीक्षा सुरू होणार होती, आणि ती मनातल्या मनात त्या तिन्ही नवरदेवांचे आभार मानायची.

डोंगरकड्याला ती मामाकडे गेली. हेडमास्तरांनी पत्र बघून कपाट उघडलं, धूळ झटकून रजिस्टर पुढं ठेवलं. पानं पलटता पलटता एका ओळीवर सरिताचं बोट थांबलं. रुख्मिणी. मायचं नाव. पुढं आजोबांचं नाव, मामाचंच आडनाव. सन एकोणीसशे एकाहत्तर, सातवी उत्तीर्ण, केंद्रात पहिला क्रमांक. शाळा सोडण्याचं कारण: पुढील वर्ग गावात नाही. दाखला मिळाल्याची सही करायला बापाला येत नव्हती, म्हणून ती पोरीनंच केलेली होती. उजवीकडे किंचित कललेलं, मोत्यासारखं अक्षर. सरितानं ती ओळ दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचताना तिला अक्षरं दिसेनात.

डाळ-साखर वर्तमानपत्रात बांधून आली की माय तो कागद हातात धरून विचारायची, "काय लिवलंय गं ह्याच्यात?" आणि सरिता मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवायची.

मामानं आढेवेढे घेतले, पण शेवटी सांगितलं. "तिचं लगीनच जमंना बाई. शिकलेली पोरगी नांदत न्हाई म्हनायचे लोक. ग्यानोबा तर निव्वळ अंगठाबहाद्दर. मंग आमच्या बानं बैठकीत सांगून टाकलं, पोरीनं शाळेचा उंबरा बघितला न्हाई म्हनून. लोक पोरीचं वाढवून सांगतेत, आमच्या बानं कमी करून सांगितलं."

"आणि माय तेव्हापासून अंगठा लावून राहिली?"

"काय करंल मंग? फसवून दिली म्हनून माघारी धाडली असती. तू घरी बोलू नगंस. तिचं ती बघून घेईल."

सरितानं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पंचवीस वर्षांपूर्वीची भीती आता कशाला जपायची? मायला एका शब्दानं विचारावं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मॅडमना सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माणूस पाठवून त्या पानाची झेरॉक्स काढून आणली, मोठी करून घेतली, फ्रेम केली. दोघींपैकी एकीनं तरी घडीभर थांबून विचार करायला हवा होता. पण दोघींनाही आधीच टाळ्या ऐकू येत होत्या.

"वडिलांनाही घेऊन ये," मॅडम म्हणाल्या, "त्यांनाही अभिमान वाटू दे."

म्हणून आठ मार्चला ग्यानोबा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून दुसऱ्या रांगेत बसला होता. पोरीच्या कॉलेजात आपल्याला खुर्ची दिली, याचा त्याला खरोखरच आनंद झाला होता. स्टेजवर सगळ्यांच्या आयांना नारळ आणि खण मिळतो, एवढंच मायला माहीत होतं. नाव पुकारलं तसा पदर सारखा करत ती वर गेली.

सरिता माईकवरून बोलली. छान बोलली, एकदाही अडखळली नाही. मग तिनं खडू पुढं केला. "माय, फळ्यावर तुझं नाव लिही."

माईकपासून तोंड वळवून माय हळूच म्हणाली, "मला कुटं येतंय? सरे, बास कर."

सरिताला वाटलं, लाजली. ती हसली आणि तिनं ती फ्रेम दोन्ही हातांनी उंच धरली. सगळा हॉल बघू लागला. ग्यानोबानं शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसलं. "काय हाय त्याच्यात? काय लिवलंय?"

शेजाऱ्यानं भल्या मनानं मोठ्यांदा वाचून दाखवलं. नाव, सातवी, पहिला क्रमांक, स्वतःची सही.

सरिताला स्टेजवरून वडिलांचं तोंड दिसत होतं. एखादी अनोळखी बाई घरात शिरलेली बघावी, तसा तो मायकडे बघत होता. मायनंही ते बघितलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं. तिनं पोरीच्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर आपलं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. अक्षर तसंच, उजवीकडे कललेलं. टाळ्यांनी हॉल दणाणला, मॅडम रुमालानं डोळे पुसू लागल्या. ग्यानोबानंही दोनदा हातावर हात मारले आणि मांडीवर ठेवून दिले.

परतताना एस. टी.त फ्रेम सरिताच्या मांडीवर होती. गाव जवळ आल्यावर ग्यानोबानं एवढंच विचारलं, "कवापासून येतंय?"

"ल्हानपनापासून," माय म्हणाली.

"हं."

दुसऱ्या दिवशी तो आडतीत गेला नाही. सकाळीच बाहेर पडला, तासाभरानं परत आला आणि चुलीपाशी उभा राहिला. माय भाकरी थापत होती.

"खेमा पोस्टमन म्हनतो, तिन्ही डाव पाकीट आलतं. तुझ्या हातात दिलं म्हनतो. मालक आले की वाचून घेतेल, म्हनलीस म्हनं."

मायचे हात थांबले नाहीत. "आलतं. चुलीत घातलं."

"काय व्हतं?"

"पोरगी पसंत हाय, तारीख धरा. तिन्हीत तेच." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "थोरल्या दोघींच्या टायमाला बी आलती पत्रं. ती बी वाचली व्हती म्या, आन् गप बसले. तवा हिंमत झाली न्हाई. हिची तेवढी परीक्षा होऊ द्यावी म्हनलं."

सरिता दारात उभी होती. तीन वर्षं ती भलत्यांचेच आभार मानत होती. इकडं ही बाई एकेक पाकीट फोडून, वाचून, चुलीत सारून आपल्या पोरीला एस. टी.त बसवून कॉलेजला धाडत होती. आणि पोरीनं काय केलं? तिला सगळ्यांसमोर स्टेजवर उभं करून बापाच्या ताब्यात दिलं.

ग्यानोबानं हात उगारला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं सरिताला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. तो भिंतीला टेकून बसला. "गल्लीनं मला काय काय म्हनलं. पोरीत खोट हाय म्हनलं. मी ऐकून घेत व्हतो, आन् तू बघून राहिली व्हतीस."

खरं तेच तो बोलत होता.

मग त्यानं खिशातून कोरं अंतर्देशीय पत्र काढलं. पोस्टातूनच आणलं होतं. सरिताचं पेन घेऊन त्यानं दोन्ही मायपुढं ठेवलं. "येतंय ना लिवता? मंग लिव. शेवटचं, कुरुंद्याचं पाकीट माघात आलतं, पोरगं अजून बिनलग्नाचंच हाय. लिव, तुमचं पत्र उशिरा भेटलं, माफी असावी. सोयरीक आमाला मंजूर हाय. पाडव्याची तारीख धरा."

"आबा," सरिता कशीबशी म्हणाली, "पाडव्यानंतर पाच दिवसांनी माझी परीक्षा..."

"लिव," तो बायकोलाच म्हणाला, "पोरगी म्होरं शिकनार न्हाई."

मायनं हाताचं पीठ पदराला पुसलं, पेन घेतलं आणि पाटावर कागद ठेवून लिहायला लागली. ग्यानोबा बोलायचा, ती लिहायची. सरिता दारातून पेनकडे बघत होती. एकाएकी तिच्या मनात आलं. आबाला कुठं वाचता येतंय? माय काहीही लिहू शकते. तीन पत्रं गिळून बसलेली बाई ही, चौथं सरळ कशाला लिहील? सोयरीक नको म्हणून लिहिलं असेल. नक्की लिहिलं असेल.

ग्यानोबानं कागद उचलला, उगीच उलटसुलट करून बघितला आणि सरिताच्या हातात दिला. "वाच मोठ्यानं. तिच्यावर माझा इस्वास न्हाई राहिला. तुझं झालं की आडतीतल्या मुनीमाकडून बी वाचून घेनार हाय. दोघांचं जुळलं पायजे."

सरितानं वाचायला सुरुवात केली. उशीर लिहिला होता, माफी लिहिली होती, सोयरीक मंजूर होती, पाडवा होता. मुलगी पुढे शिकणार नाही, तेही होतं. एक काना-मात्राही चुकली नव्हती. माय त्याला पंचवीस वर्षं ओळखत होती, तो मुनीमाकडं जाणार हे तिला आधीच ठाऊक होतं. तळाला तिनं सही केली होती. त्या घरातली तिची ती पहिलीच सही.

तव्यावरची भाकरी करपून गेली होती. माय ती उलटायलाही उठली नाही, पाटाकडे बघत बसून राहिली.

"बराबर हाय का?" ग्यानोबानं विचारलं.

"बराबर हाय," सरिता म्हणाली.