खिशाची बाजू

बनुबाईंनी पिशवीतून नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो काढला आणि रहिमतपूरच्या स्टुडिओत आकारामपुढे ठेवला.

"ह्यांचा वण डाव्या गालावर हुता. तुमी उजव्या गालावर केलाय."

आकाराम गडबडला. वीस वर्षांच्या धंद्यात अशी तक्रार पहिलीच. बोलताना बनुबाई गालावरचा तीळ चाचपत होत्या, तसं केलं की त्यांना जरा धीर यायचा. घरी सगळ्यांनी त्यांनाच वेड्यात काढलं होतं. वर्षश्राद्धासाठी फौजेतून सुट्टीवर आलेला मुलगा जयराज म्हणाला, वण फोटोत आहे तिथंच होता, आई विसरायला लागली. सुनेने मान डोलावली. साताऱ्याच्या डॉक्टरकडे सोमवारचा नंबरही लावला. नवऱ्याच्या गालाला विळा लागला तेव्हा त्यावर हळद दाबून धरली ती बनुबाईंनी. पण घरदार एका बाजूला झाल्यावर त्यांनाही स्वतःची धास्ती वाटायला लागली होती.

आकारामने जयराजने पाठवलेला मूळ फोटो कॉम्प्युटरवर उघडला, झूम करत छातीपर्यंत आला आणि थांबला.

"मावशी, शर्टाचा खिसा बघा. उजव्या छातीवर हाय. शिंपी असा खिसा लावतोय व्हय कवा?"

मग त्याने समजावून सांगितलं. हा सेल्फी होता. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोनमध्ये आरशात दिसतो तसा उलटा सेव्ह होतो. तो सरळ करण्याला फ्लिप म्हणतात. त्याने बटण दाबलं. खिसा डाव्या छातीवर आला आणि वण डाव्या गालावर. बनुबाई मटकन खुर्चीत बसल्या. डोकं ठिकाणावर होतं, या आनंदाने त्यांना रडूच कोसळलं.

घरी त्यांनी सरळ केलेला फोटो त्याच फ्रेममध्ये, त्याच खिळ्याला लावला आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. पोराचा चेहरा कसा पडतो ते त्यांना बघायचं होतं.

श्राद्धाच्या सकाळी जयराजने काच पुसली, गंध लावलं, हार घातला. वीतभर अंतरावरून त्याने बापाकडे डोळे भरून पाहिलं आणि हात जोडले.

"बघ आई," तो मायेने म्हणाला, "वण आमी म्हणत हुतो तिथंच हाय का न्हाई? पटलं न्हवं आता?"

बनुबाई हबकल्या. वण या गालावरून त्या गालावर गेलेला, आणि पोराला दोन्ही फोटो सारखेच. ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली, त्याचं तोंड याने कधी बघितलंच नव्हतं. त्यांचा हात आपोआप गालाकडे गेला.

"जयराज, मागं वळू नगंस," त्या म्हणाल्या. "माझा तीळ कुठल्या गालावर हाय, सांग."

जयराजने जोडलेले हात सोडले आणि बोट आधी स्वतःच्या एका गालाला लावलं, मग दुसऱ्या.